श्रमिकाची पाठ आणि स्नायूंचा थकवा

पोती वाहणाऱ्या हमालाचा कणा केवळ हाडांच्या बळावर ताठ राहत नाही. पाठीचे स्नायू त्यास मागून ताणून धरतात. पोटाचे स्नायू पुढून व बाजूंनी आधार देतात. तंबूच्या दोरांसारखीच ही व्यवस्था होय.

श्रम लांबले की पाठीचे स्नायू थकतात. तोच भार पेलण्यासाठी त्यांतील अधिकाधिक तंतू कामास जुंपले जातात. तोल सांभाळण्यासाठी पोटाचे स्नायूही अधिक आवळले जातात. कणा स्थिर राहतो, परंतु मणक्यांवरील दाब वाढतो. अशा वेळी पाय घसरल्यास वा ओझे कलल्यास इजेचा संभव अधिक असतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचविली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. तथापि, सकाळी झेपणारे ओझे थकलेल्या पाठीस सायंकाळी झेपेलच असे नाही. म्हणून ओझे अंगालगत धरावे, ते उचलताना गुडघे वाकवावेत, शक्य तेथे हातगाडी वापरावी आणि ठरावीक खेपांनंतर विसावा द्यावा. हा विसावा म्हणजे कामचुकारपणा नव्हे; श्रमिकाच्या पाठीचे ते संरक्षण आहे, हे काम करवून घेणाऱ्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.