क्रेडिट बिघडलेय, घर घ्यायचेय: जामीनदार शोधण्याआधी

इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी इथे मुरलेल्या मंडळींकडून माहिती मागवली, तेव्हा शाळांबद्दल चार ओळी आल्या, डॉक्टरांबद्दल त्याहून कमी. घराच्या कर्जाबद्दल मात्र पानेच्या पाने आली. त्यातही सर्वांत जास्त लिहिले ते एकदा क्रेडिट बिघडलेल्यांनी.

कारण उघड आहे. पुण्या-मुंबईहून ऑनसाइट आलेला माणूस परत जातो, पुन्हा येतो. मधल्या काळात मोबाइलचा करार बंद करायचा राहतो, सोडलेल्या फ्लॅटचे विजेचे शेवटचे बिल जुन्या पत्त्यावर पडून असते, ओव्हरड्राफ्टचा विसर पडतो. पुढे घर बघायला लागले की तीच किरकोळ थकबाकी आडवी येते. सिबिलचा भारतातला उत्तम स्कोअर इथल्या क्रेडिट फायलीत उतरत नाही, त्यामुळे तो दाखवून उपयोग नाही. मग कोणीतरी सल्ला देतो, "मेव्हण्याला जामीन राहायला सांग, काम होऊन जाईल."

इतके सोपे ते नाही. पगार कमी पडत असेल किंवा डिपॉझिट अपुरे असेल, तर जामीनदाराचा आधार होतो. पण अर्जदाराची जुनी थकबाकी त्याच्या सहीने पुसली जात नाही. बँक दोघांच्याही फायली उघडून बघते.

रेडिंगच्या एका हिशेबनीसांनी या फायलीचे काम कसे करायचे ते अगदी मोजक्या शब्दांत लिहून पाठवले आहे. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडून आपली फाइल मागवावी. कायद्याने ती फुकट मिळते. तिन्हींतली माहिती सारखी असेलच असे नाही. जुने पत्ते, नावाचे स्पेलिंग तपासावे. मतदार यादीत नाव घालावे: भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्याने वैध व्हिसावर राहणाऱ्यालाही इथे मतदार होता येते, आणि पत्त्याची खात्री पटायला ती नोंद फार कामाची. पूर्वीच्या घरसोबत्याबरोबर संयुक्त खाते होते का? असेल तर ते बंद करून आर्थिक संबंध तोडल्याची नोंद करून घ्यावी, नाहीतर त्याची उधारी आपल्याला चिकटते. नुसते एका पत्त्यावर राहिल्याने काही बिघडत नाही. थकबाकीमागे आजारपण किंवा नोकरी जाणे असे खरे कारण असेल तर २०० शब्दांपर्यंत खुलासा फायलीला जोडता येतो. डिफॉल्ट, कोर्टाचा निकाल, दिवाळखोरी या नोंदी साधारण सहा वर्षांनी फायलीवरून जातात. "पाच वर्षे झाली असतील तर एक वर्ष कळ काढा," एवढेच त्यांचे मत, आणि ते पटण्यासारखे आहे.

स्लाउच्या एका गृहस्थांचे पत्र याच्या अगदी उलट, रागाने भरलेले. खासगी पार्किंगच्या एका दंडाची पत्रे त्यांच्या आधीच्या घरी जात राहिली. ते तोवर दुसऱ्या गावात राहायला गेले होते, पुढे बहिणीच्या लग्नासाठी नाशिकला. कोर्टाच्या दाव्यालाही उत्तर गेले नाही. ज्याचे उत्तर १४ दिवसांत द्यायचे असते, तो कागद त्यांनी पाहिलाच नव्हता. एकतर्फी निकाल लागला, काउंटी कोर्टाचा, ज्याला इथे सगळे सीसीजे म्हणतात. कळले केव्हा, तर बँकेने कर्ज नाकारले तेव्हा. मग फोनवर ताटकळणे, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. पार्किंगवाल्यांना उद्देशून त्यांनी जे लिहिले आहे ते इथे छापता येणार नाही.

त्यांच्या संतापातून निघालेला कामाचा भाग असा. निकालानंतर महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद निघून जाते. उशिरा भरली तर 'भरली' असा शेरा बसतो, पण नोंद सहा वर्षे राहते. कागद मिळालेच नाहीत किंवा बचावात दम आहे असे वाटत असेल तर एन२४४ नावाचा अर्ज करून निकाल रद्द करून मागता येतो. फी तीनशे पौंडांच्या वर आहे आणि कळल्याबरोबर अर्ज करावा लागतो, रेंगाळलेल्याचे कोर्ट ऐकत नाही. मात्र सगळा दोष पार्किंगवाल्यांचा नाही. या कंपन्या गाडीमालकाचा पत्ता डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याकडून घेतात. घर बदलल्यावर तिथे पत्ता बदलून घेणे हे मालकाचे काम आहे. न केल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता जामीनदार. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला ऑफिसातल्या दोन सहकाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि त्यांना चहा पाजायचा, ही सवय इथे सोडावी. इथला जामीनदार बहुधा जवळचा नातेवाईक, ब्रिटनमध्ये राहणारा, स्थिर उत्पन्नाचा आणि बऱ्याचदा स्वतःचे घर असलेला लागतो. हप्ता थकला तर बँक त्याच्याकडे येते. शुद्ध जामिनाची कर्जे आता कमीच दिसतात. त्यांच्या जागी दोन प्रकार जास्त चालतात. एकात नातेवाईक सहकर्जदार होतो, पण मालकी एकट्या अर्जदाराची राहते. याचा फायदा असा की नातेवाईकाचे आधीच एक घर असले तरी दुसऱ्या घरावरची जादा स्टॅम्प ड्यूटी, जी इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ अखेर ३ टक्क्यांवरून ५ टक्के झाली, सहसा लागत नाही. तोटा असा की पूर्ण कर्जाची जबाबदारी त्याच्यावर, मालकी शून्य, आणि चुकलेला हप्ता दोघांच्याही फायलीवर. दुसऱ्या प्रकारात नातेवाईक सही करत नाही, पैसे अडकवतो: बार्क्लेजच्या फॅमिली स्प्रिंगबोर्डमध्ये घराच्या किमतीच्या १० टक्के रक्कम पाच वर्षे ठेवावी लागते, हप्ते नीट गेले तर ती व्याजासह परत मिळते.

मदत करणाऱ्याचे वयही बघतात. कर्ज फिटेपर्यंत तो सत्तर-पंचाहत्तरीच्या पुढे जात असेल तर मुदत आखडते आणि हप्ता फुगतो. शिवाय त्याने स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा असा बहुतेक बँकांचा आग्रह असतो. त्यामागे २००१ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा एट्रिज खटल्याचा निकाल आहे: नवऱ्याच्या कर्जासाठी बायकोने घर तारण ठेवताना तिला सगळे समजावून सांगितले होते का, हा तिथे प्रश्न होता. वकिलाची ती फी वाचवू नये.

पुण्यातले बाबा जामीन राहू शकतील का, असे अनेकांनी विचारले आहे. सहसा नाही. बाबा डिपॉझिटसाठी पैसे भेट देऊ शकतात, ते परत मागणार नाही असे पत्र मात्र लागते. भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे उगमाशीच गोळा केला जाणारा कर, कापते. बाबांनी विवरणपत्र भरले की तो त्यांच्या करात वळता होतो. पैसे कुठून आले हे सॉलिसिटर खोदून विचारतो. हॅरोच्या एका वहिनींची भिशी नेमकी याच वेळी लागली आणि खात्यात आलेली ती रक्कम कशाची हे समजावता समजावता त्यांच्या नाकी नऊ आले. भिशीचे पैसे काही महिने आधीच खात्यात घ्यावेत.

वेम्बलीच्या एका निवृत्त शिक्षकांना हे सगळेच अमान्य आहे. ऋण काढून सण करू नये, जामीन घराबाहेर मागू नये, मेव्हण्याने सही केली तर दर दिवाळीला हिशेब त्याच्यासमोर मांडावा, आणि नव्या घरात मुलांशी मराठीतच बोलावे, असे त्यांचे म्हणणे. हिशेबाची सूचना उत्तम आहे. मराठीचा मुद्दा कर्जाच्या प्रकरणात कसा आला ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांनी तो दोनदा लिहिला आहे. पितृपक्षात किल्ली घेऊ नये असाही त्यांचा आग्रह आहे. ज्यांना तो पाळायचा असेल त्यांनी करारांची अदलाबदल होण्याआधी सॉलिसिटरला सांगावे. तारीख त्याच वेळी पक्की होते. नंतर माघार घेतली तर दिलेले डिपॉझिट, बहुधा १० टक्के, बुडते.

बिघडलेल्या क्रेडिटवर कर्ज देणाऱ्या वेगळ्या संस्था आहेत. त्या व्याज जास्त लावतात आणि डिपॉझिटही मोठे मागतात. कायमचा निवासाचा हक्क मिळाला नसेल तर नेहमीच्या बँकाही जादा डिपॉझिट मागू शकतात. अशा वेळी एफसीए या वित्तीय नियामकाच्या यादीत नाव असलेल्या ब्रोकरकडे जावे, आणि नोंद न उमटणाऱ्या प्राथमिक तपासणीवरच आधी अंदाज घ्यायला सांगावे. दहा ठिकाणी पूर्ण अर्ज ठोकले की प्रत्येकाची खूण फायलीवर राहते.

स्कॉटलंडबद्दल कोणी लिहिले नाही. तिथली घरखरेदीची पद्धत आणि कायदा वेगळा आहे; एडिंबरा-ग्लासगोच्या मंडळींनी ते काम अंगावर घ्यावे. आणि पैसे घेऊन क्रेडिट फाइल साफ करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. खरी नोंद त्याला काढता येत नाही, चुकीची नोंद स्वतः फुकट दुरुस्त करून घेता येते, आणि कर्जाच्या अडचणीत सिटिझन्स अॅडव्हाइस व स्टेपचेंज या दोन्ही संस्था विनामूल्य सल्ला देतात.