जुन्या ऑइल इंजिनाची बेअरिंगे : कोणती ठेवावी, कोणती टाकावी

वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचे पीक मुख्यतः पावसावर, मामा तलावांवर व बोड्यांवर अवलंबून असते. परंतु हस्ताने दगा दिला म्हणजे निसवलेले धान वाचविण्यास नदीनाल्यांचे पाणी उपसण्यावाचून गत्यंतर नसते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या बाजूंस ज्या बांध्यांपाशी वीज नाही किंवा भरवशाची नाही, तेथे अशा वेळी जुने ऑइल इंजिनच कामास येते. ते नेमके त्याच आठवड्यात बसले तर चार महिन्यांचे श्रम आठ दिवसांत वाया जातात. यास्तव उन्हाळ्यातच इंजिन उकलून त्याची बेअरिंगे तपासणे इष्ट होय.

इंग्लंडातील डर्सली येथील लिस्टर कंपनीने १९२९ साली सावकाश फिरणारे जे इंजिन काढले, त्याच धर्तीची इंजिने पुढे राजकोट येथे विपुल होऊ लागली. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा उद्योग उभा राहिला. मिनिटास ६००-६५० फेरे करणारे असले अवजड यंत्र पुष्कळ वर्षे टिकते. आधी झिजतात ती बेअरिंगे. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या तोंडातील बेअरिंगास व्हाईट मेटलचे अस्तर असते. बहुधा कथिलात अँटिमनी व तांबे मिसळून केलेला हा धातू मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेलातून आलेला कचऱ्याचा कण त्यात रुतून बसावा व क्रँकला ओरखडा पडू नये, हा त्यातील हेतू. अर्थात झिजणे हा बेअरिंगाचा दोष नव्हे, धर्मच होय. प्रश्न एवढाच, की ते किती व कसे झिजले?

उकलताना प्रत्येक अर्ध्या भागावर खूण करावी व त्याच्या पातळ पत्र्या, ज्यांस शिम म्हणतात, त्या ज्या बाजूच्या त्या बाजूस ठेवाव्या. नंतर भाग डिझेलने धुऊन उजेडात पाहावे. पृष्ठभाग सारखा, करडा व गुळगुळीत असून बारीक रेघा असल्या तरी चिंता नाही. भेगा, उडालेले तुकडे किंवा नखास लागणाऱ्या खोल चऱ्या दिसल्यास ते बेअरिंग टाकावे.

डोळ्यास न दिसणारा दोष याहून घातक असतो. अस्तर पाठीपासून सुटले आहे काय, हे पाहण्यासाठी बेअरिंग काही वेळ पातळ तेलात ठेवावे, पुसून कोरडे करावे व कडेस खडूची पूड लावावी. सांध्यातून तेल झिरपून पूड ओली झाली, तर अस्तर सुटले असे समजावे. ही साधी परीक्षा एका वर्षी आम्ही टाळली. बेअरिंग चकचकीत दिसले म्हणून तसेच बसविले. ऐन हस्तात अस्तर सुटले, तेलाचे छिद्र बुजले व क्रँकही ओरबाडला गेला. बेअरिंगाच्या कित्येक पट खर्च क्रँकवर झाला आणि पाण्यावाचून दोन बांध्या वाळल्या, त्या निराळ्याच.

यानंतर क्रँकचा गळा मायक्रोमीटरने आडवा व उभा, असा दोन्ही बाजूंनी मोजावा. तो अंडाकृती झाला असल्यास त्यावर नवे बेअरिंगही टिकणार नाही. क्रँक आधी घासून गोल करून आणावा. गळा गोल असल्यास मऊ शिशाची तार मध्ये ठेवून बोल्ट नेहमीसारखे आवळावे, पुन्हा सोडावे व चपटलेली तार मोजावी. गळ्याच्या १ इंच व्यासास सुमारे १ हजारांश इंच फट असावी, हा ठोकळ नियम. इंजिनाचे पुस्तक जवळ असल्यास त्यातील आकडा प्रमाण मानावा. फट वाढली, परंतु अस्तर निर्दोष व पुरेसे जाड असेल, तर दोन्ही बाजूंच्या सारख्याच शिम काढून ते खुशाल पुन्हा वापरावे. टोपीचे तोंड कानशीने घासू नये. त्याने बेअरिंगाचा आकार बिघडतो. फार घट्ट बसविलेले बेअरिंग सैल बेअरिंगापेक्षाही लवकर जळते.

काही इंजिनांत क्रँकच्या दोन्ही टोकांस निमुळत्या रोलरची बेअरिंगे असतात. त्यांस शिमचा न्याय लागू नाही. ती धुऊन, थोडे तेल देऊन हाताने हळू फिरवावी. रोलरवर वा वाटीवर खड्डे, तापल्याचा निळा रंग किंवा सैल पिंजरा आढळल्यास वाटीसह सर्व जोड बदलावा. एकच रोलर बदलणे व्यर्थ होय.

‘एवढा हंगाम निघून जाईल’ असे मिस्त्री म्हणेल. पण तो हंगाम त्याचा नसतो, आपला असतो. म्हणून जुने म्हणून टाकू नये व चकाकते म्हणून ठेवू नये, मोजून ठरवावे. जोडणीनंतर क्रँक हाताने मोकळा फिरतो याची खात्री करून घ्यावी, ताजे व गाळलेले तेल घालावे आणि प्रथम थोडा वेळ बिनबोजाने चालवून पाहावे. वैशाखात खर्चिलेला एक दिवस आश्विनात सर्व पीक राखतो.