घरगुती ससेपालन आणि संहितोक्त शशमांस

वडगाव, कामशेत, मळवली ते लोणावळा या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांना एक प्रश्न आताशा वारंवार विचारला जातो. "डॉक्टरसाहेब, घरी ससे पाळले आहेत. आजाऱ्याला त्याचा रस्सा चालेल ना? आयुर्वेदात सांगितलेच आहे म्हणे." विचारणारा कधी क्षयाच्या रुग्णाचा भाऊ असतो, कधी बाळंतिणीची सासू, तर कधी चार पैसे मिळावेत म्हणून परसात पिंजरे मांडलेला तरुण. औषधालयचालकांनाही हाच प्रश्न येतो आणि गल्ल्यावरच्या गडबडीत "चालेल की" असे उत्तर सहज दिले जाते. हे उत्तर इतके सोपे नाही. पाळीव ससा आणि संहितेतील शश हे दोन भिन्न प्राणी आहेत, हा आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

संहितेतील शश कोणता?

चरकाचार्यांनी शशाची गणना जांगल मृगांत केली आहे. वाग्भटाचार्यांनी मृगवर्गात, तर सुश्रुताचार्यांनी बिलेशय वर्गात, म्हणजे बिळात राहणाऱ्या प्राण्यांत. आपल्या माळरानावर आढळणारा शश म्हणजे रानससा. तो बीळ खणत नाही. गवतातील उथळ खळग्यात अंग चोरून बसतो आणि चाहूल लागताच दौडत सुटतो. त्याची पिल्ले डोळे उघडलेली व अंगावर लव असलेली अशीच जन्माला येतात. म्हणून चरक-वाग्भटांचे वर्गीकरण प्रत्यक्षाशी अधिक जुळते, असे आम्हांस वाटते.

पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा मूळचा नैऋत्य युरोपातला. तो खरोखर बीळ खणून कळपाने राहतो आणि त्याची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. रानसशाच्या पेशीत गुणसूत्रे ४८, याच्या पेशीत ४४. दोहोंचा संकर होत नाही. कोणी म्हणेल की बिलेशय म्हणून सुश्रुतांनी हाच ससा वर्णिला असेल. परंतु संहिताकारांच्या दृष्टीस हा प्राणी पडण्याचा संभव नव्हता. नावाच्या साम्यावरून द्रव्य ठरवू नये हे आपण वनस्पतींच्या बाबतीत काटेकोरपणे पाळतो. मांसवर्गातही तोच नियम लागू केला पाहिजे.

रानसशाविषयी एक गोष्ट येथेच स्पष्ट करावीशी वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. शिकार करणे, मांस बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. आंदर मावळात किंवा नाणे मावळात वैद्याच्या तोंडून "सशाचा रस द्या" एवढे शब्द निघाले, तर रुग्णाचा नातलग रात्री जाळे घेऊन डोंगर चढेल, हे विसरू नये. पकडला गेला तर त्याला तुरुंग, आणि सल्ला मात्र आपला.

गुणांचा विचार

चरकांच्या मते शशमांस मधुर-कषाय रसाचे, विशद, रूक्ष, शीत, लघु व कटुविपाकी असून, सन्निपातात वात हीनबल असता प्रशस्त आहे. सुश्रुत त्यास पित्तकफहर मानतात आणि वीर्य फारसे शीत नसल्याने वाताच्या बाबतीत साधारण समजतात. वाग्भटांनी दीपन, ग्राही, रूक्ष, हिम आणि कटुविपाकी असे वर्णन केले आहे. या वर्णनांत बृंहणावर भर नाही. लोकांत मात्र समजूत अशी की सशाने अंग धरते, ताकद भरते. ज्याचा वात बळावला आहे, जो आधीच रूक्ष व शुष्क झाला आहे, त्या रुग्णास केवळ शशमांस देणे शास्त्रास धरून नाही.

येथे एक अवांतर माहिती मनोरंजक ठरावी. उत्तर अमेरिकेच्या अतिशीत प्रदेशात दुसरे काहीच न मिळाल्याने केवळ सशाच्या मांसावर राहिलेल्या लोकांना अतिसार, डोकेदुखी व थकवा येऊन, पोटभर खाऊनही शक्तिपात होतो, असा तेथील प्रवाशांचा अनुभव नोंदलेला आहे. कारण उघड आहे: मांसात प्रथिने भरपूर, मेद अत्यल्प. अतिसार व ग्राही गुण यांचा मेळ बसत नाही, हे खरे; पण स्नेहाविना असे मांस शरीरास पोसत नाही, हा बोध रूक्ष या एका शब्दात आधीच आहे. तूप, सैंधव, सुंठ, जिरे, धणे यांचा संस्कार हा केवळ चवीसाठी नसतो.

आता पाळीव सशाकडे वळू. मांसाची परीक्षा करताना प्राण्याचा चर, म्हणजे तो कोठे वावरतो व काय खातो, त्याची हालचाल, प्रमाण, संस्कार व मात्रा पाहावी, असे चरक सांगतात. त्याज्य मांसात त्यांनी बाल, वृद्ध, कृश, अतिमेदस्वी, विषाने मेलेल्या आणि अगोचरभृत, अर्थात स्वतःच्या प्रदेशाबाहेर वाढलेल्या, प्राण्याचे मांस गणले आहे. ही कसोटी पिंजऱ्यातील सशास लावून पाहावी. त्याला धावणे नाही. खाणे तयार गोळीखाद्याचे. कापला जातो तो सुमारे बारा आठवड्यांचा, म्हणजे प्रजननक्षम होण्याच्याही आधी. ही बाल अवस्थाच होय. आणि लोणावळ्यात तो वाढतो कोणत्या देशात? वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारा हा घाटमाथा पावसाळ्यात सरळसरळ आनूप असतो. जांगल मांसाचे लघु-रूक्षत्व ज्या कारणांनी येते त्यांपैकी एकही येथे नाही.

यावर असा युक्तिवाद करता येईल की, पाळीव सशाच्या असंख्य पिढ्या पिंजऱ्यातच गेल्या, तेव्हा पिंजरा हाच त्याचा गोचर. हा युक्तिवाद आम्ही टाकाऊ मानत नाही. परंतु तो स्वीकारला तर त्याचे गुणही पिंजऱ्यातल्या प्राण्याचेच मानले पाहिजेत. पिंजरा गोचर म्हणायचा आणि गुण माळरानाचे सांगायचे, हे जुळणारे नाही. आमच्या मते पाळीव सशाचे मांस हे मृदू, पचनास बरे, अल्पमेद असे एक आहारद्रव्य आहे. त्यात प्रथिने शेकडा २० च्या आसपास आणि मेद मेंढी-डुकराच्या मांसापेक्षा कमी. निरोगी मांसाहारी माणसाने ते खुशाल खावे. औषध म्हणून त्याच्या नावापुढे शश लिहू नये.

राजयक्ष्म्याच्या चिकित्सेतील एक संदर्भ या ठिकाणी अवश्य आठवावा. रुग्णास किळस येऊ नये म्हणून कोल्हा, मुंगूस, मांजर इत्यादींचे मांस शशाच्या नावाने द्यावे, असे चरकांनी तेथे सांगितले आहे. अर्थात शश या शब्दाखाली भलतेच देण्याची प्रथा जुनी आहे. पण तेथे वैद्य जाणून देत होता, आज तो न जाणता देतो, आणि रुग्णास न सांगता काही खाऊ घालणे आज तर कोणत्याच वैद्यास शोभणारे नाही. क्षीण रुग्णासाठी मांसरस द्यायचाच तर मावळात शेळी घरोघर आहे. अजामांस अतिशीत नाही, अतिगुरु नाही, अतिस्निग्ध नाही. मनुष्यधातूंशी साम्य असल्याने अभिष्यंद न करता बृंहण करते, हे आपण सर्वजण पाठ करून परीक्षेस बसलो आहोत. माळकरी घरात मांसाचा विषयही काढू नये. मुगाचे यूष, शेळीचे दूध, तूप यांवर काम भागते. क्षयाची सरकारी औषधे मात्र कोणत्याही आहारासाठी एक दिवसही थांबवू देऊ नयेत. निक्षय पोषण योजनेचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाले आहे, हे अनेक नातलगांना ठाऊक नसते, सांगावे.

पालनाची रीत

ज्यास पाळायचेच आहे त्याला आपण योग्य माहिती द्यावी. व्हाइट जायंट, सोव्हिएट चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट या मांसासाठीच्या जाती. पूर्ण वाढीचे वजन साधारण ४ ते ५ किलो. अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या कोडाईकनालजवळील मन्नवनूर केंद्रात यांतील पहिल्या दोन जातींवर काम होते. ते ठिकाण थंड डोंगरातले आहे, हे ध्यानात घ्यावे. सशाला थंडी सोसते, उन्हाळा सोसत नाही. ३० अंशांपुढे तो धापा टाकू लागतो आणि तीव्र उष्म्यानंतर नर काही आठवडे निकामी होतो. त्या दृष्टीने लोणावळ्याची हवा चांगली, पण जून ते सप्टेंबरची ओल वाईट. म्हणून पिंजरा जमिनीपासून तीन फूट उंच, पावसाच्या बाजूस ताडपत्री, वरून वारा खेळता आणि खाली लेंड्या-मूत्र पडून जाईल अशी जाळी असावी. एका मादीस अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच जागा लागते. जाळीवर एक फळी ठेवावी, नाहीतर तळपायास जखमा होतात. मुंगूस, साप, उंदीर, कुत्रे यांचा बंदोबस्त आधी, ससे नंतर.

मादी पाच-सहा महिन्यांनी प्रजननयोग्य होते. तिला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नरास तिच्याकडे नेल्यास ती जागेसाठी चावते. तिचे बीजोत्सर्जन समागमामुळेच घडते, त्यामुळे गाई-म्हशींसारखा माज ओळखत बसावे लागत नाही. बारा-चौदा दिवसांनी पोट हलक्या हाताने चाचपून ती फळली की नाही हे कळते. सुमारे ३१ दिवसांनी विते. त्याआधी तीन-चार दिवस कोरडे गवत घातलेली पेटी आत ठेवावी. ती स्वतःचे केस उपटून त्यात अंथरते. पिल्ले बहुधा पाच ते आठ. ती दिवसातून एकदाच, काही मिनिटांपुरते दूध पाजते. नवखा पालक "आई पिल्लांकडे ढुंकून पाहत नाही" म्हणून घाबरतो आणि पिल्ले हाताळून बिघाड करतो. सशाने स्वतःच्या मऊ लेंड्या खाणे हीदेखील विकृती नव्हे; त्याच्या पचनाचा तो भाग आहे. महिना-सव्वा महिन्याने पिल्ले तोडावीत.

खाद्यात चारा मुख्य. हराळी, लसूणघास, शेवग्याचा व हादग्याचा पाला चालतो, सुबाभूळ थोडीच. पावसात भिजलेला हिरवा पाला तसाच घातला तर पोट फुगून पिल्ले पटापट मरतात. तो कापून सावलीत मलूल करावा. येथे इंद्रायणी भाताचा कोंडा मुबलक मिळतो, पण दमट हवेत त्यास व शेंगदाणा पेंडीस बुरशी लागते. वास आला की टाकून द्यावे. तळेगावच्या बाजूस फुलांच्या हरितगृहांतील तण फुकट मिळते म्हणून आणतात. त्यावर कीटकनाशक फवारलेले असते. ते घालणे म्हणजे विषयुक्त मांस स्वतःच्या हाताने तयार करणे होय. घाणेरीचा पाला विषारी आहे. रोगांत कॉक्सिडिओसिस आणि कानाची खरूज ही दोन मुख्य. पशुवैद्यकास दाखवावे, आपली औषधे चालवून पाहू नयेत.

हिशेबही स्पष्ट सांगावा. एक मादी वर्षात चार वेत देईल, प्रत्येकी पाच पिल्ले जगली तर वीस. बारा आठवड्यांत प्रत्येकी सुमारे दोन किलो वजन, त्यात मांस साधारण निम्मे. म्हणजे मादीमागे वर्षाला वीस किलो. घरच्या ताटासाठी हे पुरेसे आहे; कर्ज काढून संसार उभा करण्यास नाही, कारण आपल्या भागात या मांसास रोजचे गिऱ्हाईक नाही.

हे सांगण्याचे कारण असे. गेल्या काही काळात करारपालनाचे प्रतिनिधी वैद्यांकडे व औषधालयांत येऊन पत्रके ठेवतात. आमच्याकडे आलेल्या एका पत्रकात सशाचे मांस "आयुर्वेदोक्त" असून हृदयरोग व क्षय यांवर गुणकारी असल्याचे छापले होते आणि महागड्या जोड्या घेणाऱ्यास पिल्ले परत विकत घेण्याची हमी दिली होती. पिल्ले दुसऱ्या नव्या पालकास विकली जातात तोवर असा धंदा चालतो. नवे पालक संपले की थांबतो. तमिळनाडूत २०१२ मध्ये ईमूच्या आणि इस्लामपूरकडे २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या बाबतीत हेच घडले व हजारो कुटुंबे बुडाली. आम्ही ते पत्रक ठेवून घेतले नाही. औषधालयचालकांनी हेही जाणावे की हृदयरोग व क्षय बरे करण्याचे दावे करणाऱ्या जाहिराती औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कक्षेत येऊ शकतात, आणि दर्शनी भागात पत्रक लावणाराही त्यात गुंततो. मांसविक्रीस अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी वा परवाना लागतो, तो वेगळाच.

चिकित्सालयात विचारावयाचा एक प्रश्न शेवटी नोंदवितो. घरात ससे आहेत अशा कुटुंबातील मुलांच्या मानेवर, हातांवर गोल, खाजणारी मंडले दिसली की आपण दद्रु म्हणून लेप देतो. पंधरा दिवसांत ती पुन्हा येतात. सशाच्या केसांतील बुरशी माणसास लागते. त्याचे कान, नाक, पंजे यांवर केस गळून खपल्या धरल्या आहेत का, हे विचारावे व प्राण्यावरही उपचार होईपर्यंत मुलांस दूर ठेवावे. श्वासाच्या रुग्णास पावसाळ्यात वेग वाढले असतील तर पिंजरा झोपण्याच्या खोलीला लागून आहे का, हे पाहावे. मूत्राचा उग्र वास, केस आणि ओल या तिन्हींची त्यात भर पडते. वासावलेह बदलण्याआधी पिंजरा हलवून पाहावा.