शिकलेले विसरणारे बाळ

बाळ उशिरा बसू लागले, उशिरा बोलू लागले, म्हणून काळजीने दवाखान्यात येणारे आई-वडील पुष्कळ असतात. त्यांतील बरीच मुले पुढे ठीक होतात. परंतु जे बाळ मान धरत होते, हसत होते, कुशीवर वळत होते आणि आता त्यातले एकेक विसरू लागले आहे, त्याच्या बाबतीत 'थोडे दिवस वाट पाहा' असे मी कधीच सांगत नाही. त्याला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मज्जासंस्था झिजविणारे काही आनुवंशिक आजार असेच सुरू होतात. त्यांतील 'टे-सॅक्स' या आजाराची माहिती आज देत आहे.

इंग्लंडमधील नेत्रतज्ज्ञ वॉरन टे यांनी १८८१ साली एका बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर चेरीच्या फळासारखा लाल ठिपका पाहिला. १८८७ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्स यांनी याच आजारातील मेंदूचे वर्णन केले. कारण मात्र १९६९ साली समजले. मेंदूच्या पेशींतील एक स्निग्ध पदार्थ मोडून टाकण्यासाठी 'हेक्सोसामिनिडेज-ए' हे विकर लागते. ते नसले की मोरी तुंबावी तसा हा पदार्थ पेशींत साचतो आणि पेशी मरतात.

जन्मतः बाळ गुटगुटीत असते. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास साध्या आवाजानेही ते हातपाय झटकून दचकू लागते. भांडे पडले तरी दचकते, आणि प्रत्येक वेळी दचकते. मग अंग सैल पडते, नजर स्थिरावत नाही, पुढे दृष्टी जाते, झटके येतात. बहुतेक मुले चार-पाच वर्षांच्या आतच दगावतात. नेमक्या याच वयात लसीकरण चालू असल्याने दोष लसीला दिला जातो, नाही तर दृष्ट लागली म्हणतात. दोन्ही खरे नव्हे.

दोष जनुकाचा असतो आणि तो आई व वडील दोघांकडून आलेला असतो. एकच सदोष जनुक असलेला माणूस वाहक असतो. त्याला स्वतःला काहीही होत नाही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. 'एक झाले, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब येथे चालत नाही, आणि एकट्या सुनेला बोल लावणे तर निव्वळ अन्याय आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांत जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. म्हणून मामाची मुलगी करण्याच्या आपल्याकडील रिवाजात असा योग जुळण्याची शक्यता वाढते.

पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू समाजात साधारण तिसात एक जण वाहक आहे. न्यूयॉर्कचे रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची चार मुले या आजाराने गेली. त्यांनी १९८३ साली लग्नापूर्वीच रक्त तपासून जोडी जुळते की नाही एवढेच सांगणारी संस्था काढली. ही पत्रिका मला पटते. अशा तपासण्यांमुळे अमेरिकेतील ज्यू समाजात हा आजार नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. आपल्या देशातही रुग्ण आढळतात. गुजरातेतील अनेक रुग्णांत एकच विशिष्ट जनुकदोष सापडला आहे.

रोग बरा करणारे औषध नाही. झटक्यांचे औषध मात्र चुकवू नये, आणि बाळाला उताणे निजवून बोंडल्याने दूध पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

'औषधच नाही, मग तपासणीवर पैसे कशाला?' असे नातेवाईक विचारतात. माझा आग्रह येथेच आहे. बाळ हयात असतानाच रक्तातील विकराची व जनुकाची तपासणी मोठ्या शहरातील अनुवंशशास्त्र विभागात करून घ्यावी. आजाराचे नाव पक्के झाले तर पुढच्या वेळी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा तपासून गर्भ बाधित आहे का, हे कळू शकते. या कारणासाठी गर्भतपासणीस कायद्याची परवानगी आहे. गुन्हा आहे तो लिंग विचारण्याचा व सांगण्याचा. बाळ गेल्यावर त्याचे कागद जाळू नका. दिवस राहिल्याचे समजताच ते घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि नात्यात लग्न ठरत असेल तर बाळाच्या काका-मावशांनाही ते दाखवा.