पेशी सांभाळायची नोकरी

प्रश्न : आम्ही तंजावरी मराठी. लेकीला शाळेत घालण्याआधी इथल्या रिवाजाप्रमाणे एळुत्तरिनाथराच्या देवळात अक्षरं गिरवून आणली होती. आता बारावी झाली, तर म्हणते रोगप्रतिकार पेशींवर संशोधन करून औषध काढणार. ही माणसं दिवसभर करतात तरी काय? आणि औषध खरंच हाती लागतं का?
— एक वाचक, इन्नंबूर (कुंभकोणम)

उत्तर : लागतं, पण सावकाश. मुंबईचंच उदाहरण घ्या. राहुल पुरवार हॅनोव्हरला पीएच.डी. आणि पुढे हार्वर्डला संशोधन करून २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत आले आणि कार-टी पेशींच्या मागे लागले. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, निर्धोक केलेल्या विषाणूच्या हातून त्यांच्यात एक जनुक घालायचं, म्हणजे काही रक्तकर्करोगांच्या पेशींवरची ‘सीडी१९’ ही खूण त्यांना ओळखू येते. मग त्या वाढवून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. अमेरिकेत या उपचाराला २०१७ मध्येच मान्यता मिळाली होती, पण नुसत्या औषधाचाच खर्च भारतीय पैशांत कोटींच्या घरात. तेव्हा पेशी घडवण्याइतकीच किंमत उतरवणं हीसुद्धा संशोधनाचीच अडचण होती, आणि मला तरी तीच जास्त अवघड वाटते. त्यासाठीच २०१८ मध्ये इम्युनोॲक्ट कंपनी निघाली, जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावानं या उपचाराला परवानगी मिळाली. सुरुवातीला किंमत चाळीस लाखांच्या आसपास सांगितली जात होती. स्वस्त नव्हेच. चाचण्यांमध्ये सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. म्हणजे उरलेल्यांना आला नाही, हेही लेकीला सांगा.

आता दिवसभराचं काम. पेशी ३७ अंशांवर, गुलाबी पोषकद्रवात वाढतात. द्रव पिवळसर पडू लागला की त्यात आम्ल साठलं, ताजा द्रव द्या. पेशींना रविवार कळत नाही, दिवाळीही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली टी पेशींचे घोस दिसले की त्या चेतल्या म्हणायचं. मग त्या मोजायच्या, फ्लो सायटोमीटरवर तपासायच्या, आणि बुरशी शिरली तर सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. औषध दवाखान्यात गेल्यावर वेगळीच काळजी : चेतलेल्या पेशी इतकी रसायनं सोडतात की रुग्णाला जोराचा ताप भरतो, रक्तदाब कोसळतो. त्यावरचा उताराही आधीच हाताशी ठेवावा लागतो.

शिक्षण : जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी. किंवा बी.टेक., मग एम.एस्सी.साठी ‘जॅम’, पीएच.डी.साठी ‘नेट’ या परीक्षा. तंजावरलाच ‘शास्त्र’ (SASTRA) विद्यापीठात जैवतंत्रज्ञान आहे, पहिल्याच पावलाला घर सोडायला नको. पीएच.डी. पाच-सहा वर्षं खाते. ती नको असेल तर एम.एस्सी.वरही पेशी बनवण्याच्या आणि गुणवत्ता तपासण्याच्या नोकऱ्या असतात, आणि त्या दुय्यम समजू नयेत. रुग्णापर्यंत जाणारी पिशवी तेच लोक भरतात. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, एकच विचारा : पेशी वाढवायच्या खोलीत मुलांना स्वतः हात घालू देता, की काचेबाहेरून दाखवता?