वळणावरची कट्‌-कट्‌

आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरायचं तर स्टिअरिंग उजवीकडे पार शेवटापर्यंत फिरवावं लागतं. तो आवाज मी पहिल्यांदा तिथेच ऐकला. कट्‌-कट्‌-कट्‌, चाकाच्या गतीबरोबर चालणारा. स्टिअरिंग सरळ केलं की बंद. हमरस्त्यावर काही जाणवत नसे, म्हणून तीन महिने मी तो रोज ऐकत राहिले आणि गाडी चालवत राहिले.

मधे एकदा गॅरेजला दाखवली, नाही असं नाही. काउंटरवर ‘वळताना आवाज येतो’ एवढं सांगून मी ऑफिसला गेले. संध्याकाळी लोअर आर्म बदललेला, अलाइनमेंट झालेलं, हातात बिल. फाटकात पुन्हा कट्‌-कट्‌. ‘गाडी जुनी झाली, थोडा आवाज राहणारच,’ हे उत्तर मी ऐकून घेतलं, ते घ्यायला नको होतं.

जुलैत आईला घेऊन चिपळूणहून कऱ्हाडला येत होते. कुंभार्ली घाटात चढावरच्या एका वळणावर खालून फाडकन आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. भर पाऊस, पुढचं वळण धुक्यात बुडालेलं. सवयीनं मी पहिला गिअर टाकून इंजिन बंद केलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला, तर गाडी मागे सरकू लागली. हँडब्रेक खेचला तेव्हा थांबली. मागून आलेल्या ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरला आणि त्यानं चाकामागे दगड लावला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

गिअरनं गाडी का धरली नाही, हे मला नंतर कळलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनची ताकद दोन एक्सलमधून दोन चाकांकडे जाते. त्यातला एक तुटला की डिफरन्शिअल सगळं फिरणं त्या मोकळ्या बाजूला सोडून देतं. त्यामुळे गाडी पुढेही जात नाही आणि गिअरमध्ये ठेवून थांबतही नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या ‘पी’चंही तेच. अशा वेळी आधार मागच्या चाकांवरच्या हँडब्रेकचा आणि दगडाचा.

टो करून गाडी कऱ्हाडला आणली. तिथल्या मिस्त्रींनी डावा एक्सल काढून बाकावर ठेवला. चाकाकडच्या टोकाला सी.व्ही. जॉइंट असतो. त्यात पोलादी गोळ्या आपापल्या खाचांत बसवलेल्या असतात, म्हणून चाक वळलेलं असतानाही एक्सल त्याला फिरवू शकतो. त्यावर घड्यांचा रबरी बूट, आत काळं ग्रीस. माझ्या गाडीचा बूट एका घडीवर फाटला होता. चाकाच्या फिरण्यानं ग्रीस बाहेर उडालं आणि चिखलपाणी आत गेलं. मिस्त्री म्हणाले, “ताई, खाचेतनं नख फिरवा.” नख अडकलं. गोळ्यांनी तिथं खड्डे पाडले होते. गाडी सरळ जाताना गोळ्या जवळपास जागच्या जागी असतात, वळताना त्या खाचेत पुढेमागे धावतात आणि प्रत्येक खड्ड्यावर आपटतात. फाटकातली ती कट्‌-कट्‌ हीच.

तुमच्या गाडीत असा आवाज आला तर सगळ्यात आधी चाकाचे नट घट्ट आहेत का बघा. ढिल्या नटांचाही असाच आवाज येतो आणि ते काम उद्यावर टाकण्याचं नाही. टायरच्या खाचेत खडी अडकली नाही ना, तेही बघा. मग मोकळ्या मैदानात काचा खाली करून, स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. वळणात बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून उजवीकडे वळताना कट्‌-कट्‌ आली तर बहुधा डावा जॉइंट गेलेला असतो. वेग वाढला की आवाजही भराभर येतो, ही त्याची मोठी खूण. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवून एखादाच ‘टक्‌’ किंवा ‘ढण्‌’ आला तर मात्र संशय बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा स्ट्रटच्या माउंटिंगवर घ्यावा. गॅरेजला आवाजाचं वर्णन करत बसू नका. मिस्त्रींना शेजारी बसवून ऐकवा. मी पहिल्यांदाच तसं केलं असतं तर लोअर आर्मचे पैसे वाचले असते.

बूट बघायला जॅकही लागत नाही. हँडब्रेक लावून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि चाकाच्या मागे टॉर्च मारायचा. रिमच्या आतल्या बाजूला काळे ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय. आवाज सुरू व्हायच्या आत सापडलं तर नवा बूट, ग्रीस आणि क्लिपा एवढ्यावर भागतं. एकदा कट्‌-कट्‌ सुरू झाली की जॉइंटच बदलावा लागतो. नुसतं ग्रीस भरून आवाज काही दिवस दबतो, आतले खड्डे तसेच राहतात. एक्सल बाहेर काढला असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल सांडलेलं असू शकतं. ते पुन्हा भरलं का आणि ऑइल सील ठीक आहे का, हे विचारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आता दर दोन महिन्यांनी मी टॉर्च घेऊन चाकापाशी बसते. परवा उजव्या बूटच्या घड्यांवर बारीक चिरा दिसल्या. तो बदलला तेव्हा आतलं ग्रीस अजून स्वच्छ होतं.