एकाच बेवर कधी एक, कधी दोन

प्रश्न : विमानतळाच्या काचेतून पाहिलं तर एकाच जागी कधी एक अजस्र विमान उभं असतं, तर कधी तिथेच दोन लहान. कुठल्या जागेवर किती मोठं विमान लावायचं, हे कशावरून ठरतं? आणि आम्हाला ते कुठे पाहता येईल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी. प्रत्येक देश आपल्या विमानतळांची अधिकृत माहिती ‘एआयपी’ नावाच्या जाडजूड दस्तऐवजात प्रसिद्ध करतो. भारताचा एआयपी भारतीय विमानतळ प्राधिकरण काढतं, आणि तो संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. विमानतळ शोधायचा तो चार अक्षरी संकेतावरून : मुंबईसाठी व्हीएबीबी, पुण्यासाठी व्हीएपीओ, नागपूरसाठी व्हीएएनपी. तिकिटावरचे बीओएम, पीएनक्यू इथे कामाचे नाहीत. मग त्या विमानतळाचा पार्किंग-डॉकिंग चार्ट उघडायचा. त्यावर बेंचे, म्हणजे विमानं उभी करायच्या जागांचे, क्रमांक आणि अक्षांश-रेखांश असतात. कमाल विमान कोणतं, हे काही विमानतळ नावानिशी देतात, काही नुसतं कोडचं अक्षर देतात, तर काही ते स्थानिक नियमांच्या मजकुरात नेऊन ठेवतात. म्हणजे नकाशावर नाही सापडलं, तर मजकूर चाळायचा.

हे कोडचं अक्षर म्हणजेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानांची वर्गवारी पंखांच्या पसाऱ्यावरून केली आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २४ ते ३६ मीटरच्या आत असेल तर ‘सी’, ५२ ते ६५ च्या आत ‘ई’, ६५ ते ८० च्या आत ‘एफ’. आपली नेहमीची एअरबस ए३२० ‘सी’मध्ये, बोइंग ७८७ आणि ७७७ ‘ई’मध्ये, दुमजली ए३८० ‘एफ’मध्ये. दोन उभ्या विमानांच्या मध्ये सोडायचं अंतरही ठरलेलं आहे : ‘सी’साठी साडेचार मीटर, ‘डी’पासून पुढे साडेसात.

आता बेरीज करून पाहा. ‘सी’ वर्गातली दोन विमानं, प्रत्येकी ३६ मीटर धरली, आणि मधलं अंतर मिळवलं, तर ७६.५ मीटर होतात. एकट्या ए३८०चा पसारा ७९.७५ मीटर. म्हणून एकाच जमिनीवर तीन पिवळ्या रेषा रंगवतात : मधली मोठ्या विमानाची, दोन्ही बाजूंच्या लहानांच्या. अशा बेंच्या क्रमांकापुढे बऱ्याचदा डाव्या-उजव्यासाठी ‘एल’ आणि ‘आर’ लावलेलं दिसेल. मधली रेषा वापरात असली की बाजूच्या दोन्ही बंद.

गंमत अशी की जागेचं हे माप विमान बनवणाऱ्यांनाही गुमान पाळावं लागतं. ए३२० च्या पंखांना टोकाशी वर वळलेले शार्कलेट लावल्यावर पसारा ३४.१ चा ३५.८ मीटर झाला. ३६ ची रेषा अवघ्या वीस सेंटिमीटरने वाचली. ए३८० तर ८० मीटरच्या चौकटीत बसवूनच आखलं. बोइंगने ७७७एक्सला उड्डाणासाठी ७१.७५ मीटरचे पंख दिले, पण जमिनीवर त्यांची टोकं वर दुमडतात आणि विमान ६४.८५ मीटरचं होऊन ‘ई’च्या बेत शिरतं. मला तरी हा अलीकडचा सर्वांत हुशार तोडगा वाटतो.

पण पंख मावले म्हणजे विमान मावलं, असं नाही. ए३२० आणि ए३२१ यांचे पंख सारखेच. लांबी मात्र एकाची ३७.५७ मीटर, दुसऱ्याची ४४.५१. सात मीटरचा हा फरक मागे शेपटीकडे निघतो, आणि मागून टॅक्सीवे किंवा गाड्यांचा रस्ता जात असेल तर ते विमान त्या बेला चालत नाही. म्हणूनच बेच्या रेषेवर पुढच्या चाकासाठी आडव्या खुणा असतात आणि प्रत्येकीशेजारी विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. लहान-मोठ्या प्रत्येक विमानाचं चाक आपापल्या खुणेवरच थांबायला हवं, नाहीतर एरोब्रिज दाराशी जुळत नाही. याशिवाय खालच्या काँक्रीटची वजन पेलायची ताकद वेगळी तपासतात.

भारताने २०१४ च्या जानेवारीत ए३८० ला परवानगी दिली, तीही दिल्ली, मुंबई, बेंगळुरू आणि हैदराबाद या चारच विमानतळांपुरती. त्यामागे हाच हिशेब होता : एवढा पसारा सांभाळणारी धावपट्टी, टॅक्सीवे आणि बे तिथे तयार होते.

चार्ट पाहाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एआयपीतल्या दुरुस्त्या २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने येतात, तेव्हा जुनी उतरवून ठेवलेली प्रत वापरू नका. आणि तळटिपा आधी वाचा : ‘अमुक बेवर मोठं विमान असताना शेजारचा बे रिकामा ठेवावा’ अशा अटी तिथेच असतात.